लांडग्याच्या गळ्यातली माळ

"बुवा, माळ काढली तर पाप कोणाला? मला, की त्याला?"

लिंबाजीच्या मांडीवर लांडग्याचं पिल्लू होतं. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती.

आई मेलेलं हे पिल्लू लिंबाजीला माळरानावर सापडलं. त्याने ते मठात आणलं, दूधभाकरीवर वाढवलं आणि एके दिवशी स्वतःसारखीच त्यालाही माळ घातली. मांस सोडलेला लांडगा बघायला गावोगावची माणसं यायची, नारळ ठेवायची. बोकड कापणाऱ्यांना लिंबाजी सुनावायचा, जनावराला कळतं ते तुम्हाला कळत नाही.

आता पिल्लाचे मागचे पाय वाकले होते. उभं राहिलं की लटपटायचं. धनगरांची बायजाक्का सकाळीच बघून गेली होती. मांस पोटात गेलं नाही तर हे जगायचं नाही, म्हणाली. जाता जाता हसलीही, "आमच्या मांजरीलाबी एकादशी शिकवा की, महाराज."

मुकुंदबुवांनी पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवला.

"नेम त्याने घेतला होता?"

"मुकं जनावर ते. काय बोलणार?"

"मग नेम कोणाचा?"



बुवांनी पिल्लाची माळ काढली आणि लिंबाजीच्या गळ्यात, त्याच्या माळेवर घातली.

"जा. बायजाक्काकडून मांस घेऊन ये."

"मी? माळकऱ्याने मांसाला..."

बुवा पिल्लाचे पाय चोळत बसले.

लिंबाजी गेला. परत आला तो तोंड फिरवून, पळसाच्या पानातलं मांस अंगापासून लांब धरून. पान त्याने पिल्लापुढे ठेवलं.

पिल्लाच्या नाकपुड्या हलल्या. लाळ गळली. मग त्याने लिंबाजीकडे पाहिलं, कान पाडले आणि डोळे गच्च मिटून ते मागे सरकलं.

"मारायचास?" बुवांनी विचारलं.

"...नाकावर. वास घ्यायला लागलं की. वळण लागावं म्हणून, बुवा."



"हाताने भरव," बुवा म्हणाले.

लिंबाजीने एक तुकडा उचलला. बोटांना रक्त लागलं, तसे अंगावर शहारे आले. पिल्लू त्याच्या तोंडाकडे बघतच राहिलं. मग हळूच पुढे आलं... खाल्लं. आणखी मागितलं. पान रिकामं झालं, तेव्हा ते त्याची बोटं चाटू लागलं.

लिंबाजीला रडू का येतंय, त्याचं त्यालाच कळेना. गळ्यात दोन माळा, हात रक्ताने भरलेले, आणि पिल्लू तर कधी नव्हे ते शेपटी हलवत होतं.

"बुवा, माझा नेम मोडला का?"

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"चल. आरतीची वेळ झाली."

लिंबाजी घाईने पाण्याच्या रांजणाकडे वळला.

"हात धुऊ नकोस. तसाच ये."