लोहाराला दिलेली खिडकी

फार फार मागे, डोंगरांना अजून नावे पडली नव्हती तेव्हा, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. गावात एकच लोहार होता. लहानथोर वाचकहो, एकुलत्या एका लोहारावाचून गावाचे किती अडते, ते वेगळे सांगायला नको. नांगराचा फाळ त्याच्या हातचा, बैलाच्या पायाचा नाल त्याच्या हातचा, विळा-कोयता तर त्याच्याच हातचा.

त्या गावात एक चांगली रीत होती. खंडेनवमीला घरोघरची हत्यारे पूजेला बसत. त्याआधी लोहार गावातल्या प्रत्येक पात्याला धार लावून देई आणि त्याबद्दल काही घेत नसे. मग दसऱ्याला, आपट्याची पाने वाटून झाली की, सगळे गाव मिळून लोहाराला एक भेट देई.

रीत चांगली होती. भेटींबद्दल मात्र काय बोलावे!

भेट निवडायचे काम पाटलांचे. पाटील मनाने उदार होते, हाताने सढळ होते आणि कानाने जवळजवळ बहिरे होते. म्हणजे ऐकू सगळे यायचे. पण समोरचा बोलू लागला की, आपण पुढे काय बोलायचे याचाच ते विचार करत बसत.

आता लोहाराचे काम एकट्याचे नसते. एकाने भात्याची दोरी ओढून वारा घालायचा, म्हणजे भट्टीतले कोळसे फुलतात. दुसऱ्याने तापलेले लोखंड सांडशीत धरून ऐरणीवर घडवायचे. या लोहाराच्या भात्याशी त्याची बायको येसू बसायची. दोरी कधी जोरात ओढायची आणि कधी सोडून द्यायची, हे तिला सांगावे लागत नसे. भात्याचे चामडे कुठे फाटले तर ती स्वतःच ठिगळ लावी, निळ्या दोऱ्याने, कारण घरात तोच दोरा असे.

एका उन्हाळ्यात तापाचे निमित्त झाले आणि येसू गेली.

त्यानंतर लोहार दोन्ही कामे एकटाच करू लागला. दोरी ओढायची, धावत जाऊन लोखंड उचलायचे, ऐरणीपाशी यायचे. तोवर लोखंडाची लाली गेलेली असायची. पुन्हा भट्टी, पुन्हा दोरी. एका फाळाला दोन फाळांचा वेळ लागू लागला. दुसऱ्या गावच्या त्याच्या भावाने निरोप धाडला होता, ‘इकडे ये, माझी माणसे आहेत भात्याला.’ लोहाराने अजून होय म्हटले नव्हते. जुन्या भात्याशी बसून तो दरवेळी उत्तर उद्यावर ढकलत होता.

काम रेंगाळते आहे हे गावाने पाहिले. गाव हळहळले. आणि पाटील म्हणाले, “त्याची हत्यारं जुनी झालीत.”

त्या दसऱ्याला त्यांनी हातोडा दिला. चंदनी दांड्याचा, पितळी कड्या घातलेला, दांड्यावर मोर कोरलेला. इतका गुळगुळीत की घाम आलेल्या हातात तो ठरेना. लोहाराने नमस्कार केला आणि हातोडा खुंटीला टांगला.

पुढच्या दसऱ्याला ऐरण दिली. ती इतकी मोठी की गाडीला जास्तीचे बैल जोडावे लागले आणि दारातून ती आत जाईना. ती तिथेच, उंबऱ्यापाशी राहिली. येणारा प्रत्येकजण तिला ठेचकाळू लागला. लोहाराने याही वेळी नमस्कार केला, आणि मग तिला वळसा घालून आत जायची सवय करून घेतली.

तिसऱ्या वर्षी पाटलांनी पारावर बैठक बोलावली.

“यंदा चूक नको,” ते म्हणाले. “दोन वर्षं देतोय, पण माणूस काही खुलत नाही. काय द्यावं?”

“भरजरी फेटा द्या,” वाणी म्हणाला.

“भट्टीपाशी? पेटेल की!”

“मग चांदीची सांडशी.”

“ती तर वितळेल रे बाबा!”

पाराच्या कडेला म्हातारी कुंभारीण बसली होती. ती म्हणाली, “अहो, त्यालाच विचारा की.”

पाटील वैतागले. “आजी, विचारून दिलं ते देणं कसलं? ते तर मागणं झालं. भेट कशी अचानक हातात पडली पाहिजे!”

“आणि विचारलं तरी सांगणार आहे का तो?” वाणी म्हणाला. “काही नको म्हणेल.”

“म्हणेल,” आजी म्हणाली. “मग तिथंच बसून राहायचं.”

“किती वेळ?”

“तो खरं सांगेपर्यंत.”

सगळे हसले. दसऱ्याच्या घाईत बसायला वेळ कुणाला होता?

शेवटी पाटलांनाच युक्ती सुचली. लोहारशाळा किती काळीकुट्ट आहे! माणूस त्या अंधारात बसून बसून सुकत चालला आहे. तीच नवी करून द्यायची. दसऱ्याच्या सकाळी त्यांनी लोहाराला डोंगरावरच्या देवळात पाठवले. सांगितले, दाराची बिजागरी मोडली आहे.

लोहार हत्यारांची पिशवी घेऊन डोंगर चढला.

“बिजागरी?” पुजारी म्हणाला. “कुठली बिजागरी?”

दोघांनी मिळून दार उघडून पाहिले, लावून पाहिले. दार ठणठणीत होते.

इकडे गाव कामाला लागले होते. आणि वाचकहो, हेही सांगितले पाहिजे की सगळे मनापासून राबत होते. बायकांनी जमीन सारवली. पुरुषांनी काजळीच्या भिंती खरवडून त्यांना चुना दिला. कोपऱ्यातला मोडक्या लोखंडाचा ढीग घळीत नेऊन टाकला. त्यात लोहाराने वर्षानुवर्षे जपलेले, कधीतरी उपयोगी पडणारे तुकडे होते. भिंतीत भली मोठी खिडकी पाडली. जुना ठिगळांचा भाता पाहून पाटील म्हणाले, “अरेरे, याच्यावर दिवस काढतोय बिचारा!” तो भाताही घळीत गेला आणि त्याच्या जागी कोऱ्या चामड्याचा नवा भाता आला. कुणीतरी त्याला झेंडूची माळ घातली.

दुपार कलल्यावर लोहार परतला. मोठ्या ऐरणीला वळसा घालून तो दारात आला आणि थांबला.

“काय?” पाटील हसत म्हणाले. “आश्चर्य वाटलं की नाही?”

“वाटलं,” लोहार म्हणाला.

त्याने भिंती पाहिल्या, खिडकी पाहिली, रिकामा कोपरा पाहिला. मग माळ घातलेल्या भात्याकडे पाहून विचारले, “माझा भाता कुठंय?”

“तो फाटका? घळीत टाकला. त्याची चिंताच सोड आता.”

लोहाराने मान वळवून घळीकडे पाहिले. पण पाटलांना राहवेना. “पेटव की भट्टी! आम्हाला बघू दे.”

सणाचा दिवस होता आणि गाव दारात उभे होते. लोहाराने भट्टी पेटवली. नव्या भात्याची दोरी ओढली, लोखंड कोळशात ठेवले. खिडकीतून उन्हाचा झोत थेट भट्टीवर आला. पांढऱ्या भिंतींनी तो दुप्पट केला. लोहार डोळे बारीक करून वाकून पाहत राहिला. लोखंड लाल झाले, की नारिंगी झाले, की त्याच्याही पुढे गेले, काही कळेना. शेवटी त्याने उचलले तेव्हा ते ठिणग्या उडवत होते. ऐरणीवर घाव घालताच त्याचे दोन तुकडे झाले.

“जळलं,” लोहार म्हणाला. “पाटील, लोखंड किती तापलं ते मी त्याच्या रंगावरून ओळखतो. तो रंग अंधारातच दिसतो. म्हणून भिंती काळ्या होत्या.”

“मग हे आधी सांगायचं नाही का?”

“कुणी विचारलं?”

तो उठला आणि हत्यारे एकेक करून पिशवीत भरू लागला. “उद्या मी भावाच्या गावी जातो. तुमच्या आजवरच्या सगळ्या भेटी इथंच आहेत. सांभाळा.”

दारात एकच गलका झाला. पेरणी तोंडावर आली होती, निम्म्या गावाचे फाळ अजून लोहाराकडेच पडून होते. पाटलांच्या मनाला मात्र हे वेगळेच लागले. “म्हणजे आम्ही एवढं राबलो ते गेलंच का वाया? अजून काय द्यावं माणसाला! हातोडा दिला, ऐरण दिली, खिडकी दिली! आता काय माझं घर नावावर करून देऊ?”

तेवढ्यात म्हातारी कुंभारीण गर्दीतून वाट काढत आत आली. भात्याशेजारी, जिथे पूर्वी येसू बसायची, तिथे ती गुडघे धरून हळूच बसली.

“बाबा,” ती म्हणाली, “तुला काय हवं?”

“काही नको, आजी.”

आजी बसून राहिली.

“त्याला ना, खरं म्हणजे...” पाटलांनी सुरुवात केली.

“पाटील,” आजी म्हणाली, “तोंड मिटा.”

पाटलांना असे आजवर कुणी म्हटले नव्हते. चकित होऊन त्यांनी तोंड मिटले. लोहाराने पिशवीचा बंद बांधला, सोडला, पुन्हा बांधला.

“भात्याशी बसायला कुणी नाही,” अखेर तो म्हणाला.

आजी तरीही बसून होती.

“दोन वर्षं झाली. या गावात कुणी तिचं नावसुद्धा घेत नाही. मला हातोडे आणून देतात.”

“येसू ना?” आजी म्हणाली. “मडकं घ्यायला यायची माझ्याकडं. एक मडकं घ्यायचं, पण माझी सगळी मडकी टिचक्या मारून वाजवून बघायची. हे कच्चं, हे बहिरं, हे बरं आहे पण त्याचा सूर आवडला नाही. अगं बाई, पाणी भरायचंय की भजन करायचंय? वैताग नुसता!”

लोहार हसला. मग त्याने पंच्याने तोंड पुसले, आणि पुसतच राहिला.

पाटील दारातून मागे सरले. कुणाला न सांगता ते घळीकडे गेले. धोतर खोचून खाली उतरले, काटे बाजूला करत शोधत राहिले आणि जुना भाता डोक्यावर घेऊन परत आले. ते चिखलाने माखले होते. भात्याला कुत्र्यांनी ओढले होते; चामडे एका बाजूने फाटले होते आणि निळ्या दोऱ्याचे एक ठिगळ कुठेतरी पडून गेले होते. ते मागाहून साऱ्या गावाने शोधले, पण सापडले नाही. उघड्या पडलेल्या जागेवर लोहाराने फक्त एकदा हात फिरवला.

“दुरुस्त होईल?” पाटलांनी विचारले. आणि नवल म्हणजे, उत्तर येईपर्यंत ते थांबले.

“होईल.”

खिडकी विटा-मातीने बुजवली. भाता शिवून झाला. पहिल्या दिवशी दोरीला स्वतः पाटील बसले.

“हळू, पाटील! कोळसे उडताहेत!”

“अरे, मग थांबायचं कधी ते कसं कळणार मला?”

“तुम्ही बोलायचं थांबलात की कळेल.”

त्यानंतर गावातल्या माणसांनी आळीपाळीने भात्याशी बसायचे ठरवले. कुणाचा हात जड, कुणाचा हलका. येसूसारखे कुणालाच जमले नाही, आणि तसे जमेल असे लोहारालाही वाटत नव्हते. पण तो गेला नाही. भावाला त्याने निरोप धाडला की, इथे माणसे बसू लागली आहेत. मात्र भट्टी थंड राहिली त्या दिवसांची भरपाई झाली नाही. ज्यांचे फाळ मागे राहिले त्यांची पेरणी उशिरा झाली आणि त्या वर्षी त्यांच्या कणग्या अर्ध्याच भरल्या. त्यांत पाटलांचीही होती. पांढऱ्या भिंती काळ्या करायला काहीच करावे लागले नाही. ते काम धुराने केले.

पुढचा दसरा आला. आपट्याची पाने वाटून झाली आणि सगळे गाव लोहाराच्या दारात जमले. सगळ्यांचे हात रिकामे होते.

“लोहारदादा,” पाटील म्हणाले, “यंदा तुला काय हवं?”

लोहार लाजला. “काही नको, पाटील.”

पाटलांनी बोलायला तोंड उघडले. मग ते मिटले, आणि ते उंबऱ्यापाशी पडलेल्या त्या मोठ्या ऐरणीवर जाऊन बसले. त्यांच्या मागोमाग सगळे गाव खाली बसले.

ज्याला काही द्यायचे त्याला आधी विचारावे, आणि तो ‘काही नको’ म्हणाला म्हणून लगेच उठू नये.