न आलेली पटकी

"न आलेला रोग मला डोळ्यांनी दाखव!" हिरडगडचा राजा दुर्जयराव भर दरबारात म्हणाला. "आठ दिवसांत इथे आणून उभा कर. नाहीतर तुझ्या वैद्यसंघाने गाशा गुंडाळावा आणि राज्याबाहेर व्हावं!"

हे तो ज्या बाईला सांगत होता ती ठकू कासारीण. वैद्यसंघ म्हणजे देशोदेशीच्या वैद्यांनी मिळून काढलेला धर्मार्थ संघ. औषध फुकट, पथ्य फुकट, वर मायेचे दोन शब्दही फुकट. पण वैद्यांना दरबारात बोलता येईना. पहिल्याच भेटीत त्यांनी महाराजांना जीभ दाखवायला सांगितली होती! तेव्हापासून दरबारचं काम त्यांनी ठकूवर सोपवलं. कासारीण राणीवशापासून झोपडीपर्यंत सगळीकडे जाते, आणि कोणाचं कोणाशी पटतं हे तिला पाठ असतं.

ठकूचं मागणं साधं होतं. संघाने पाच गावांत पिण्याच्या विहिरींना कठडे बांधून झाकणं बसवली होती. धुणी आणि गुरं ओढ्याकडे वळवली होती. तिथे दोन वर्षं पटकीची साथ फिरकली नव्हती. आता राजाने हुकूम काढावा आणि राज्यातल्या सगळ्या विहिरींवर झाकणं बसवावीत. ठकूची लेक सावरवाडीला दिली होती. तिथली विहीर उघडी, मागच्या पटकीत लेकीची सासू गेली, आणि आता लेकीला सातवा महिना लागला होता. त्या विहिरीच्या विचाराने ठकूला घास गोड लागत नव्हता.

राजा तसा वाईट नव्हता, फक्त हट्टी होता. एकदा भर वैशाखात तो "आज गारठा आहे" असं बोलून गेला, तर दिवेलागणीपर्यंत त्याने अंगावरची शाल काढली नाही.

"आलेल्या रोगाला औषध देतात, ते मला दिसतं," तो म्हणाला. "न आलेला कोणी पाहिलाय? ती पटकी तशीही आली नसती!"

"शेजारच्या गावांत आली, महाराज."

"त्यांचं नशीब!"

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. ठकू मुजरा करून बाहेर पडली. थोरल्या वैद्यबुवांनी हे ऐकलं आणि औषधांच्या पेट्यांकडे पाहिलं. "ठकूबाई, पेट्या बांधायला घेऊ का?"

"पेट्या असू द्या बुवा. मला बांगड्या भरायला जायचंय."

बांगड्या भरताना बाईचा हात कासारणीच्या हातात असतो. कासारणीचं बोलणं संपेपर्यंत तिला उठता येत नाही. ठकूने या सोयीचा आजवर पुरेपूर फायदा घेतला होता. पहिल्या दिवशी राणीसाहेब, दुसऱ्या दिवशी दिवाणांची बायको. दोघी विहिरींची कथा शेवटपर्यंत ऐकून हळहळल्या, पण न आलेला रोग कसा दाखवायचा हे दोघींनाही सुचेना. तिसऱ्या दिवशी किल्लेदार हैबतरावांच्या घरी मात्र उलटंच झालं. तिथे किल्लेदारीणबाईच बोलत सुटल्या.

"आमच्या ह्यांचं काय सांगू, ठकू! रोज सकाळी दरबारात जायचं, तीनदा भाला आपटायचा, 'रात्री शत्रू आला नाही' म्हणायचं आणि मानाचा विडा खायचा. पंचवीस वर्षं झाली. शत्रू काही आला नाही, पण ऐट बघावी!"

ठकूच्या हातातली बांगडी मनगटाशीच थांबली. "रोज विडा, बाईसाहेब?"

"रोज. दसऱ्याला सोन्याचं कडं वेगळंच."

ठकूने त्यांच्या हातात दोन बांगड्या जास्तीच्या भरल्या आणि त्यांचे पैसे घेतले नाहीत.

आठव्या दिवशी दरबार खचाखच भरला होता. हैबतराव आले. त्यांनी भाला तीनदा आपटला. "महाराज, रात्री शत्रू आला नाही!" राजाने विडा दिला. विडा तोंडात गेला न गेला तोच मागून पुन्हा ठक, ठक, ठक! ठकू हातात काठी घेऊन उभी होती.

"महाराज, पाच गावांत पटकी आली नाही!" तिने विड्यासाठी हात पुढे केला.

राजाच्या भुवया चढल्या. "विडा कसला? आधी न आलेली पटकी दाखव!"

"दाखवते की. पण तिला बसवू कुठे? काल रात्री न आलेला शत्रू किल्लेदारसाहेबांनी जिथे बसवलाय ती जागा दाखवा, शेजारीच बसवते."

पडद्याआड राणीसाहेबांना खोकला आला. हैबतराव लालबुंद झाले. "मी पहाऱ्यावर आहे म्हणून येत नाही तो!"

"तसाही आला नसता," ठकू शांतपणे म्हणाली. "शेजारच्या राज्यात शत्रू घुसला, ते त्यांचं नशीब."

"अगं बाई, एक रात्र गडाचा दरवाजा उघडा टाकून बघ, मग कळेल!"

"माझं तेच तर म्हणणं आहे!" ठकू राजाकडे वळली. "महाराज, पैज लावू. आज तुम्ही गडाचा पहारा उठवा, मी पाचही विहिरींची झाकणं काढते. मग कोण येतं आणि कोण येत नाही, ते दोघं मिळून पाहू."

"पहारा उठवू? वेड लागलंय का तुला? काही होत नाही म्हणून पहारा उठ..."

राजा मध्येच थांबला. त्याने हैबतरावांकडे पाहिलं, मग ठकूच्या पसरलेल्या हाताकडे पाहिलं. मिशा थरथरू लागल्या, आणि बघता बघता तो पोट धरून हसायला लागला. राणीसाहेबांनी खोकल्याचं सोंग सोडून दिलं.

"दिवाणजी, हुकूम लिहा," राजा डोळे पुसत म्हणाला. "राज्यातल्या प्रत्येक विहिरीला कठडा आणि झाकण. वैद्यसंघ इथेच राहील. आणि ठकू, तू स्वतःसाठी माग. सोन्याचं कडं देऊ?"

"कासारणीला कड्याचं काय अप्रूप, महाराज! पहिलं झाकण सावरवाडीच्या विहिरीवर बसू द्या. माझी लेक आहे तिथे."

"उद्याच बसेल. मग विडा नको तर?"

"तो हवा. रोज हवा, आणि किल्लेदारसाहेबांएवढाच!"

राजाने आपल्या तबकातला विडा उचलून तिच्या हातावर ठेवला. हैबतरावांनी तो आपल्यापेक्षा मोठा नाही ना, हे मान वाकडी करून नीट पाहून घेतलं.