आडवं न जाणारं मांजर

महाराजांच्या फेट्याचा जरीचा तुरा उंदरांनी कुरतडला, तेव्हा कुठे कातळगडच्या राजवाड्यात उंदीर आहेत हे दरबाराने मान्य केलं. कोठीतला तांदूळ ते कित्येक वर्षं खात होते. पण तांदूळ रयतेने भरलेला होता, फेटा महाराजांचा होता.

हैबतराव महाराजांनी कोठीवरच्या भागोजीला हुकूम केला, "मांजर आण."

भागोजीने घरचंच आणलं. काळं कुळकुळीत, कामाला एकदम तरबेज. दुसऱ्याच सकाळी ते एका उंदरामागे सुसाट धावलं आणि नेमकं शिकारीला निघालेल्या महाराजांना आडवं गेलं. महाराज सात पावलं मागे आले, घोटभर पाणी प्याले, शिकार रद्द केली आणि भागोजीला चौकीत बसवलं.

"उंदीर धरणारं, पण मला आडवं न जाणारं मांजर आणा. तोवर हा सुटायचा नाही."

भागोजीची मुलगी ठकू बापाची भाकरी घेऊन आली, तेव्हा तिला हे कळलं. ती तशीच दिवाणजींकडे गेली.

"दिवाणजी, उंदीर धरायचा म्हणजे धावायला हवं. धावलं की कुणाला तरी आडवं जाणारच. बिनपायाचं मांजर कुठून आणू?"

"रंग बदलून बघ," दिवाणजी म्हणाले. "पिवळं चालावं, असा माझा अंदाज आहे. मात्र माझं नाव सांगू नकोस."

ठकूने पिवळा बोका आणला. तो जाताना एकदा आडवा गेला आणि येताना पुन्हा. चौकीवर भागोजीची भाकरी आतून तपासून द्यायला सुरुवात झाली.

त्या रात्री ठकूने रंगाचा विचार सोडून दिला. सकाळी ती गल्लोगल्ली मांजरं बघत हिंडली. चपळ दिसलं की पुढे जायची, टपून बसलेलं दिसलं की नाक मुरडायची. शेवटी गिरप्पा हलवायाच्या दुकानाच्या पायरीवर तिला एक कबरी मांजरी दिसली. उशीएवढी गुबगुबीत, डोळे मिटलेली. शेजारून एक उंदीर पेढ्याचा तुकडा घेऊन आरामात चालला होता.

"गिरप्पाकाका, ही उठते कधी?"

"जेवायला. तेही ताट लांब असलं तर विचार करते."

"मला द्या."

"ने. पण उंदरांसाठी नेत असशील तर तक्रार घेऊन येऊ नकोस, आधीच सांगतो."

ठकूने मांजरी टोपलीतून नेली आणि राजवाड्याच्या उंबऱ्याशी ठेवली. महाराज बाहेर आले. मांजरीने एक डोळा उघडला, महाराजांना पाहिलं आणि पुन्हा मिटला. महाराज तिच्यासमोरून निघून गेले.

"याला म्हणतात मांजर," महाराज खूश झाले. "वळण आहे हिला. आता उंदीर संपू देत, भागोजीला सोडतो."

आठवडा गेला. महाराजांची शिकार रोज झाली आणि उंदरांचीही चंगळ झाली. फेटे संपल्यावर त्यांनी गादीची लोड-तक्क्यांसकट वाट लावली. कापूस उडत असलेल्या गादीवर बसून महाराजांनी ठकूला बोलावलं.

"एक उंदीर धरला नाही तुझ्या मांजरीने. बापाशेजारी जागा आहे, बसतेस?"

"महाराज, तिचा काही दोष नाही," ठकू म्हणाली. "ती रोज सकाळी कोठीकडे कामाला निघते. पण निघायच्या वेळीच कुणीतरी आडवं जातं. मग बिचारी बेत रद्द करते."

"मांजरीला कोण आडवं जातं?"

दिवाणजी छताकडे पाहू लागले.

"नाव कसं घेऊ, महाराज? शिकारीला निघालेले असतात."

दरबारात कापूस तेवढा हलत होता. महाराजांच्या मिशा ताठ झाल्या.

"म्हणजे मी अपशकुनी?"

"मी कशाला म्हणेन? आम्हाला महाराजांचं दर्शन शुभच आहे. मांजरांचं मत मांजरांपाशी." ठकू एक पाऊल पुढे आली. बाप चौकीत होता, आता मागे फिरून उपयोग नव्हता. "आमचं काळं मांजर त्या दिवशी शिकारीलाच निघालं होतं, महाराजांसारखं. मध्येच महाराज आडवे आले. त्याचाही उंदीर सुटला, महाराजांचीही शिकार हुकली. नुकसान दोघांचं सारखं. मांजराच्या बाजूने माझा बाप चौकीत बसला. महाराजांच्या बाजूने कोण बसलंय, तेवढं सांगा."

महाराजांनी दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजी सात पावलं मागे सरकले.

ते पाहून महाराजांना जे हसू फुटलं, ते आवरेना. गादीतला उरलासुरला कापूसही उडाला. "सोडा भागोजीला!" ते डोळे पुसत म्हणाले. "नाहीतर या पोरीचं मांजर मलाच चौकीत बसवायचं."

काळं मांजर पुन्हा कामावर रुजू झालं. कबरी मांजरी उंबऱ्यावरच राहिली. काहीही न करता जागा धरून बसणारी राजवाड्यात ती काही पहिली नव्हती. ठकूला जरीकाठी लुगडं मिळालं आणि मांजरांच्या नावाने रोजचं शेरभर दूध तिच्या घरी सुरू झालं.

दुसऱ्या सकाळी महाराज शिकारीला निघाले, तोच समोरून काळं मांजर उंदरामागे धावत आलं. सगळे जागच्या जागी थिजले. महाराजांनी घोडा थांबवला, लगाम खेचून बाजूला घेतला आणि म्हणाले, "आधी तुमची शिकार होऊ द्या."