सुभानजी जासूद आणि बांधलेला वेग

एका राज्यात वेगाचे शब्द जासुदांना वाटून दिलेले होते. कोणाकडे ‘झपाझप’, कोणाकडे ‘भरधाव’, कोणाकडे ‘सुसाट’. जासुदाने आपला शब्द मनात म्हणावा आणि त्या शब्दाच्या चालीने पळावे. एका माणसाजवळ एकच शब्द राही. तो द्यायचा तर कानात सांगून द्यावा लागे, आणि दिला की आपल्याजवळून जाई. दुसऱ्याचा शब्द कोणता, हे विचारणे मात्र मोठी बेअदबी.

सुभानजी हा थोरला जासूद. त्याचा शब्द ‘सत्वर’, चार पिढ्यांचा. राजाचा खलिता न्यावा तर सुभानजीनेच, अशी त्याची ख्याती. मग हौसा आली. ही नावाड्याची लेक. किनाऱ्याला लागलेल्या एका परदेशी खलाशाला तिने पाणी पाजले, तेव्हा त्याने आपल्या मुलखातला एक शब्द तिच्या कानात टाकला. तो शब्द म्हणून ती निघाली, की सुभानजी वेशीपाशी पोहोचेतो परतसुद्धा येई! राजाने थोरलेपणाची काठी सुभानजीच्या हातून काढून तिला दिली.

सुभानजीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला अन्न गोड लागेना. “कालची पोर! आणि शब्द तरी कुठला, समुद्रापलीकडचा!” असे तो भिंतीला सांगे, कारण बायको ऐकून कंटाळली होती. खरे सांगू? शब्द कुठलाही असता तरी चालले असते. तो आपला नाही, एवढेच त्याला सलत होते.

अखेर तो डोंगरावरच्या कज्जल मांत्रिकाकडे गेला. मांत्रिकाच्या खांद्यावर त्याची बोलकी टिटवी बसली होती.

“हौसाचा शब्द बांधून टाक.”

“शब्द कोणता?”

सुभानजी मत्सराने पेटला होता, तरी जासूद होता. दुसऱ्याचा शब्द त्याने कधी चोरून ऐकला नव्हता. “ते ठाऊक नाही. तू वेगच बांध.”

“वेग सगळ्यांचा एकच असतो, बाबा. शब्द तेवढे निरनिराळे,” मांत्रिक म्हणाला, आणि त्याने काळ्या दोऱ्याला गाठ मारली.

झाले! राज्यातला सगळा वेग त्या गाठीत अडकला. सकाळी चुलीवर ठेवलेले दूध तिसऱ्या दिवशी तापले. झाडावरून सुटलेल्या आंब्याला खाली यायला दुपार झाली. चौथ्या दिवशी शेताच्या बांधावर हौसाला नाग डसला. नागही सावकाशच आला, पण तिला पाय मागे घेता येईना. विष दिवसाला एक बोट चढू लागले. औषधाची मुळी बारा कोसांवर. ती आणायला वर्ष लागले असते.

ही बातमी ऐकून सुभानजीला क्षणभर बरे वाटले. मग आपल्याला बरे वाटले, याचीच त्याला भीती वाटली. अंगणात मांत्रिकाची टिटवी येऊन बसली होती.

“गाठ कशी सुटेल?” त्याने विचारले.

“तीन गोष्टींनी,” टिटवी म्हणाली. “राजापुढे गुन्हा कबूल कर. हौसाच्या पायांना हात लाव. आणि तिचा शब्द तिच्याकडे माग. पण गाठ सुटली, की विषही धावेल हो!”

राजापुढे तो सारे बोलला. “शिक्षेचे मागाहून पाहू,” राजा म्हणाला, “आधी पोर वाचव.” हौसाच्या पायांनाही त्याने हात लावला. विष गुडघ्याशी आले होते. तिसरी गोष्ट मात्र तोंडातून निघेना.

“हौसा, तुझा शब्द मला दे,” शेवटी तो म्हणाला. “माझ्या शब्दाने मी वेळेवर पोहोचणार नाही.”

“आणि तुम्ही वेळेवर परत आला नाहीत तर, काका?”

“तर मीच पुन्हा थोरला होईन.” सुभानजी खरे तेच बोलला. “म्हणून माझा शब्द तुझ्याजवळ ठेवून जातो.”

त्याने ‘सत्वर’ तिच्या कानात सांगितला. तिने आपला सांगितला: ‘फास्ट’. आज तुमच्याआमच्या तोंडी फिरून गुळगुळीत झालेला हा शब्द तेव्हा कोरा होता. तत्क्षणी गाठ सुटली. दूध उतू गेले, आंबे धपाधप पडले, विष वर धावले, आणि सुभानजी बारा कोसांच्या वाटेला लागला. मुळी खणून हातात आल्यावर त्याच्या मनात आले, की असेच पुढे जावे, या राज्याबाहेर, कायमचे. पायांना तेच हवे होते. तरी तो वळला. घरोघरच्या बायकांनी दूध उतरवून चूल पुसली नाही, तोच तो दारात हजर!

मुळी उगाळून लावली, विष उतरले. हौसाने डोळे उघडले.

“तुमचा शब्द मी मनात घोळवत होते, काका,” ती म्हणाली. “त्यात चार पिढ्यांची पावले ऐकू येतात. मला फार हेवा वाटायचा त्याचा.”

सुभानजीने ‘फास्ट’ तिच्या कानात परत केला आणि आपला शब्द घेतला.

राजाने त्याला क्षमा केली, मांत्रिकाचा दोरा जाळला, घोडे पूर्वीसारखे दौडू लागले. तुम्ही म्हणाल, सुभानजीचा मत्सर गेला. कसला जातोय! हौसा मागून येऊन पुढे गेली, की अजूनही त्याच्या पोटात दुखते. पण लांबवर तिची धूळ उठलेली दिसली, की हा रस्त्याच्या कडेला सरतो आणि पुढच्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतो, “वाट सोडा रे! आमची हौसा येतेय!”