दवाखान्याची जीप

आंबेघरच्या दवाखान्याची जुनी जीप चढावर धक्के खाऊ लागली. "इंजिन गेलं! जीप भंगारात काढा, डोंगरातल्या फेऱ्या बंद," अध्यक्ष तात्यासाहेबांनी फर्मावलं. डॉक्टर इंदुमतींनी बॉनेट उघडलं. वरच्या वाड्यांतल्या बाळंतिणींकडे मग कोण जाणार? त्यांनी इंजिन सुरू ठेवून एकेका प्लगची वायर काढून पाहिली. दर वेळी इंजिन अडखळे. तिसरी काढली तेव्हा मात्र आवाज जराही बदलला नाही.

"हा प्लग आधीच बंद आहे, म्हणून वायर काढूनही फरक पडला नाही. दोष इथं आहे. एवढा प्लग बदलू."

"असली खिळखिळी गाडी ठेवायचीच कशाला?" तात्यासाहेब गुरकावले.

"तात्यासाहेब, गेल्या वर्षी तुमचा गुडघा गेला, तेव्हा आपण गुडघाच बदलला ना? अध्यक्ष कुठे बदलले?"

सगळ्यांच्या आधी तात्यासाहेबच खो खो हसले. दुपारी नवा प्लग बसला आणि जीप डॉक्टरांना घेऊन डोंगर चढली.