शेंडू आणि लाल गाडीचा बोल्ट

एक होतं गॅरेज. कोल्हापुरातलं, उद्यमनगरातलं. गॅरेजात होती एक लाल गाडी. बसकी, दोन दारांची, जुनी. तरणी होती तेव्हा शर्यतीत पळायची. आता उभ्या उभ्या खोकायची.

गाडी हौसाक्कांची. हौसाक्का म्हाताऱ्या, पण गाडी अजून स्वतः चालवायच्या. कुणी गाडी विकत मागायला आला, की त्याला चहा पाजायच्या आणि तसाच परत पाठवायच्या.

लाल गाडीच्या पोटात राहायची ठमाबाई. ठमाबाई म्हणजे चिचुंद्री. नाक लांब, डोळे बारीक. तिची पिल्लं कशी चालायची, माहीत आहे? आगगाडीसारखी. पुढे ठमाबाई. तिची शेपटी एकाने तोंडात धरायची. त्याची शेपटी दुसऱ्याने. त्याची तिसऱ्याने. तुरुतुरु तुरुतुरु. सगळ्यात शेवटी शेंडू.

त्या दिवशी होती खंडेनवमी. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. दौलत मिस्त्रीने हत्यारं धुतली, पुसली, पाटावर मांडली. हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. आता राहिली लाल गाडीची आरती. आरतीला घंटा वाजणार. घंटा वाजली की हौसाक्का किल्ली फिरवणार. दर वर्षीची रीतच होती.

ठमाबाई पिल्लांना घेऊन निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. तेवढ्यात शेंडूला शिंक आली.

आक्... छी.

तोंड उघडलं. शेपटी सुटली. शेंडू घसरला. सर्रर्र. धप्प.

कुठे पडला? इंजिन आणि स्टार्टर यांच्या मधल्या फटीत. स्टार्टर म्हणजे गाडीला जागं करणारा गोल डबा. किल्ली फिरली की तो गरगर फिरतो.

फटीतून आवाज आला, "आई. चिक्."

ठमाबाईचं काळीज धक् धक्. घंटा वाजेल. किल्ली फिरेल. स्टार्टर गरगर फिरेल. मग माझ्या शेंडूचं काय होईल?

बाकीची पिल्लं तिने एका जुन्या टायरात बसवली. हलायचं नाही म्हणाली.

स्टार्टरला धरून बसला होता एक बोल्ट. तो फिरला की स्टार्टर खाली येणार, फट मोकळी होणार. वर, मागे, पार कोपऱ्यात. तिथे हात जात नाही. तिथे डोळा जात नाही. त्याचं नाव काढलं की दौलत मिस्त्रीसुद्धा म्हणायचा, उद्या बघू.

ठमाबाई गेली बोल्टाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"बोल्टदादा, बोल्टदादा, फिर की रे. पिल्लू माझं सुटत नाही."

बोल्ट म्हणाला, "मी नाही फिरत. पाना बसेल, तर फिरेन."

बाजारात असंच असतं बघा. आपल्याकडे माल नसला, की म्हणायचं, पुढच्या दुकानात विचारा.

ठमाबाई गेली पान्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु. लांब दांडीचा पाना. पाटावर ऐटीत पडला होता, कुंकू लावून.

"पानाकाका, पानाकाका, बसा की हो. बोल्ट फिरत नाही, पिल्लू माझं सुटत नाही."

पाना म्हणाला, "मी नाही बसत. बोल्टाला गंज आहे, मी घसरतो. तेल पोचेल, तर बसेन."

लांब कुठेतरी घंटा वाजली. घण. घण. ठमाबाईचं काळीज धक् धक्.

ठमाबाई गेली तेलाच्या कुप्पीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"तेलमावशी, तेलमावशी, पोच की गं. पाना बसत नाही, बोल्ट फिरत नाही, पिल्लू माझं सुटत नाही."

तेलमावशी म्हणाली, "मी नाही पोचत. माझं नाक आखूड. जॅक गाडी उचलेल, तर पोचेन."

ठमाबाई गेली जॅककडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"जॅकमामा, जॅकमामा, उचल की रे. तेल पोचत नाही, पाना बसत नाही, बोल्ट फिरत नाही, पिल्लू माझं सुटत नाही."

जॅक होता जाडजूड. पण भित्रा. म्हणाला, "मी नाही उचलत. इथली जमीन उताराची. गाडी घरंगळली तर? ठोकळा चाकामागे सरकेल, तर उचलेन."

पलीकडच्या गल्लीत घंटा वाजली. घणघण. घणघण. ठमाबाईचं काळीज धक् धक् धक्.

ठमाबाई गेली लाकडी ठोकळ्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"ठोकळेबुवा, ठोकळेबुवा, सरका की हो. जॅक उचलत नाही, तेल पोचत नाही, पाना बसत नाही, बोल्ट फिरत नाही, पिल्लू माझं सुटत नाही."

ठोकळा अगदी हळू बोलला. "मी नाही सरकत. वर बघ. मनी उठेल, तर सरकेन."

ठमाबाईने वर बघितलं. ठोकळ्यावर मनी झोपली होती. मनी म्हणजे मांजर. मोठ्या मिशा, मोठ्या नख्या. घुर्र घुर्र.

ठमाबाई दोन पावलं मागे सरली. पळून जावं? पण फटीतून आवाज आला, "आई. चिक्."

ठमाबाई पळाली नाही.

"मनीताई, मनीताई, ऊठ की गं. ठोकळा सरकत नाही, जॅक उचलत नाही, तेल पोचत नाही, पाना बसत नाही, बोल्ट फिरत नाही, पिल्लू माझं सुटत नाही."

मनीने एक डोळा उघडला. नाक मुरडलं. चिचुंद्रीचा वास मांजरांना मुळीच आवडत नाही.

"जरा लांबून बोल, ठमाबाई. मी नाही उठत. मिस्त्री हाक मारेल, तर उठेन."

ठमाबाई गेली दौलत मिस्त्रीकडे. तुरुतुरु तुरुतुरु. मिस्त्रीच्या एका हातात आरतीचं ताट. दुसऱ्या हातात घंटा. ठमाबाई त्याच्या चपलेवर चढली.

"मिस्त्रीबाबा, मिस्त्रीबाबा, हाक मारा की हो. मनी उठत नाही, ठोकळा सरकत नाही, जॅक उचलत नाही, तेल पोचत नाही, पाना बसत नाही, बोल्ट फिरत नाही, पिल्लू माझं सुटत नाही."

दौलत मिस्त्री माणूस चांगला. पण रीतीला पक्का. मनीला हाक मारली तर मनी उठेल, म्हणाला. मनी उठली तर ठोकळा सरकेल, ठोकळा सरकला तर सगळं कामच सुरू होईल. आणि पाटावर मांडलेलं हत्यार आजच्या दिवशी हलवायचं नाही, त्याच्या वडिलांनी कधी हलवलं नव्हतं.

"मी नाही हाक मारत. हौसाक्का म्हणतील, तर मारेन."

हौसाक्का कुठे होत्या? गाडीत बसल्या होत्या. नवं लुगडं नेसून. किल्ली लावलेली. बोटं किल्लीवर.

ठमाबाई पळत सुटली. तुरुतुरुतुरुतुरु. दारावर चढली. घसरली. पुन्हा चढली. स्टेअरिंगवर जाऊन बसली. धाप लागली, तरी बोलली.

"हौसाक्का, हौसाक्का, सांगा की हो. मिस्त्री हाक मारत नाही, मनी उठत नाही, ठोकळा सरकत नाही, जॅक उचलत नाही, तेल पोचत नाही, पाना बसत नाही, बोल्ट फिरत नाही, पिल्लू माझं सुटत नाही."

हौसाक्कांनी ऐकलं. सगळं ऐकलं. मग खाली वाकून कान दिला.

गाडीच्या पोटातून आवाज आला. बारीक, अगदी बारीक. "चिक्."

हौसाक्कांनी किल्ली फिरवली नाही. किल्ली काढली. कनवटीला खोचली.

"दौलत," त्या म्हणाल्या, "हत्याराला कुंकू कशाला लावलं आपण? अडीअडचणीला धावावं म्हणून ना? मग धावू दे की आज."

मिस्त्रीने आरतीचं ताट खाली ठेवलं. मग त्याने घंटा खाली ठेवली. बॅटरीची वायर काढली. पाटावरचा पाना उचलून कपाळाला लावला.

हौसाक्कांनी सांगितलं, मिस्त्रीने हाक मारली. "मने, ये गं."

मिस्त्रीने हाक मारली, मनी उठली. आळोखेपिळोखे. म्याव.

मनी उठली, ठोकळा सरकला. घर्रर्र.

ठोकळा सरकला, जॅकने उचललं. चर्रक चर्रक चर्रक.

जॅकने उचललं, तेल पोचलं. टुप. टुप. टुप.

पण तेलाला मुरायला वेळ लागतो. सगळे थांबले. मिस्त्री थांबला. हौसाक्का थांबल्या. मनी शेपूट आवळून बसली. शेजारच्या गॅरेजात घंटा वाजली. घणघणघण. शेजारची गाडी सुरू झाली. भुर्रर्र.

आणि फटीतून? काहीच आवाज येईना.

धक् धक्. धक् धक्.

तेल मुरलं, पाना बसला. खट्.

मिस्त्री गाडीखाली आडवा पडला. पाना ओढला. बोल्ट हलेना. पुन्हा ओढला. कुंई. बोल्ट हलेना.

हौसाक्का म्हणाल्या, सावकाश, बाबा. घाईने बोल्टाचं डोकं तुटतं.

मिस्त्रीने सावकाश ओढला. कर्र. कर्र. कट्ट.

पाना बसला, बोल्ट फिरला. गरागरा गरागरा. स्टार्टर हळूच खाली आला.

ठमाबाईने फटीत नाक घातलं. आत कोण? कुणीच नाही. नुसता धुळीचा गोळा. काळा, एवढासा.

"शेंडू?"

गोळा गप्प.

"शेंडू, बाळा?"

गोळा हलला. गोळ्याला नाक फुटलं.

आक्... छी.

बोल्ट फिरला, पिल्लू सुटलं.

ठमाबाईने त्याला चाटलं. नाक चाटलं, कान चाटले, काळं तेल सगळं चाटलं. मग आरती झाली, नारळ फुटला. खोबऱ्याचा पहिला तुकडा कुणाला? दर वर्षी लाल गाडीला. यंदा शेंडूला. गाडी काही बोलली नाही. स्टार्टरलासुद्धा पाटावर जागा मिळाली, आणि एक फूल.

लाल गाडी त्या दिवशी सुरू झालीच नाही. हौसाक्का मिस्त्रीच्या स्कूटरवर मागे बसून घरी गेल्या. मिस्त्रीचा सदरा घट्ट धरून.

आणि ठमाबाई? ती टायरातल्या पिल्लांना घेऊन निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. शेंडू कुठे? सगळ्यात शेवटी?

नाही. आईच्या लगेच मागे. आईची शेपटी तोंडात धरून.

शेपटीला शेपटी लागली, गोष्ट घराला लागली. आता तू माझं बोट धर. घट्ट.