खुंटीवरचा होज

"मग या होजला जास्त कोण खातं, मॅडम? कडक ॲसिड की पातळ?"

"पातळ," ऋजुता फटकन म्हणाली. "पण आपल्याकडे पातळ येतच नाही. अठ्ठ्याण्णव टक्क्यांचं येतं. त्याला हे स्टील पुरतं."

"येत नाही?"

"नाही."

अब्बास मिस्त्रींनी फाईल तिच्याकडे परत सरकवली.

ऋजुता धातूशास्त्रात पहिली आलेली, आणि ते ती कुणाला विसरू देत नसे. टँकरमधून गंधकाम्ल उतरवायला धातूचे नवे होज, म्हणजे लवचीक नळ्या, निवडायचं काम कारखान्याने तिच्यावर सोपवलं होतं. बारा पानी अहवाल तयार होता. अडलं होतं ते या म्हाताऱ्या फिटरच्या सहीपाशी.

"शेलार, ते दोन्ही जुने घेऊन या," मिस्त्रींनी हाक मारली.

टँकर रिकामे करणाऱ्या शेलारने होज आणले, एकाच हाताने. दुसऱ्या हाताला बँडेज होतं. महिन्यापूर्वी यातलाच एक होज त्याच्या हातात फुटला होता. 'जुना झाला असावा,' असं ऋजुताने अहवालात लिहून टाकलं होतं.

"दोन्ही एकाच दिवशी घेतलेले," मिस्त्री म्हणाले. "स्टीलही तुमच्याच अहवालातलं. हा तीन वर्षं रोज ॲसिड ओढतो. हा महिन्यातून एकदा."

मिस्त्रींनी पहिल्यात पाणी सोडलं. बाहेर थेंबही आला नाही.

दुसऱ्यात सोडलं. झारीसारखे फवारे उडाले. शेलार दोन पावलं मागे सरकला.

ऋजुता वाकून छिद्रं बघू लागली. कमी राबलेल्याचीच चाळण झाली होती.

"बाकीचे दिवस हा कुठे असतो?" तिने विचारलं.

"खुंटीवर," शेलार म्हणाला. "तोंड उघडंच. वापरून झाला की टांगतो आम्ही."

खुंटी खाडीकडच्या भिंतीला होती. तिथली हवा इतकी दमट की मिठाच्या बरणीतही पाणी सुटायचं.

ती खुंटीपाशी गेली. होजमध्ये उरलेलं ॲसिड, आत शिरणारी दमट हवा, ते हवेतलं पाणी शोषत पातळ होणार, तीस दिवस...

"पातळ ॲसिड आपण इथेच बनवतोय, मिस्त्री. या भिंतीवर." तिचा आवाज चढला होता. तिला लाज वाटत होती आणि आनंदाने नाचावंसंही वाटत होतं. "होज निथळून, कोरडा करून, दोन्ही तोंडं बंद करून ठेवायला हवा. आणि धातू निवडायचा तो या तीस दिवसांसाठी."

मिस्त्रींनी खिशातून पेन काढलं. "आणा, सही करतो."

"नको." तिने फाईल मागे ओढली. शेलारच्या बँडेजकडे तिला बघवेना. "उद्या आणते. ॲसिडच्या होजचं सगळं नव्याने लिहिते. वितळलेल्या गंधकाच्या होजची पानं मात्र ठीक आहेत. तो धातूच वेगळा."

मिस्त्रींनी पेन पुन्हा खिशाला लावलं.

"तोही संध्याकाळी रिकामा होऊन याच भिंतीवर लटकतो ना, मॅडम?"